ओट्याखालचा नाला

हेब्बाळच्या आमच्या बैठ्या घरात त्या दुपारी वादळी पावसाचं पाणी शिरलं, तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या माझ्या आईला मी कशीबशी उचलून स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवलं. शेगडी ढकलली, डबे भिरकावले. पाणी ओट्याच्या वीतभर खाली थांबलं, म्हणून आई वाचली. तेव्हापासून आभाळ भरून आलं की मी आधी ओटा रिकामा करते. लाज कसली त्यात, मी आहेच भित्री.

महिन्याभराने पूर रोखायच्या कामाची बैठक लागली. आमच्या मागचा राजकालुवे, म्हणजे इथला मोठा पावसाळी नाला, रुंद करायला निधी मिळणार होता. सगळ्यांत आधी मीच उठले नि तोंड सोडलं. वरच्या अंगाला ऑफिसं बांधणाऱ्यांनी तळी बुजवायची आणि बुडायचं आम्ही?

पालिकेचे कानडी इंजिनियर शांतपणे म्हणाले, "अक्का, स्वल्प, जरा इकडे या." त्यांनी नकाशा पसरला. नाल्याची निळी रेघ आमच्या घरामागे येऊन सुतळीएवढी बारीक झाली होती. तिथे आमचं स्वयंपाकघर होतं. सासऱ्यांनी नाल्यावर स्लॅब टाकून ते वाढवलेलं. त्या काळी सगळेच टाकायचे. वर रीतसर वास्तुशांत केली, आणि त्याच ओट्यावर मी हौसेने दूध उतू घालवलं होतं.

"पाणी इथे अडलं आणि उलटं गल्लीत शिरलं," ते म्हणाले.

स्वयंपाकघर पाडायला आमची संमती नसेल तर निधी दुसऱ्या नाल्याला जाणार होता. नवरा खाली मान घालून बसला होता. सही मी केली. मग विचारलं, पाडणार कधी?

"पुढच्या आठवड्यात."

आणि नाला?

"टेंडर निघालं की लगेच. सरी ना, ठीक ना, अक्का?"

कसलं डोंबलाचं सरी!

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. वाटलं, रडेल, निदान जावयाला बोल तरी लावेल. तिने ओट्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "मग मधेच पाणी आलं तर मला कुठं ठेवशील गं?"

"आता नाही येत पाणी," मी म्हटलं. खिडकीतून तळ्याच्या बाजूला काळं भरून आलेलं दिसत होतं. मी खिडकी लावून घेतली आणि घरातलं सगळ्यांत उंच टेबल कुठलं, ते बघत फिरू लागले.