माणसं बसवून आवळायचे बोल्ट

मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे कुरकुरतात म्हणून मी त्यांच्या बुशांत जळालं ऑइल ओतलं. मी ओतलं, हे कबूल करताना आजही लाज वाटते. बुश म्हणजे पाट्याच्या टोकाला बसणारं रबर. रबराला तेल लागलं की ते आधी फुगतं आणि मग त्याचा चिखल होतो. पण आमच्याकडं काहीही कुरकुरलं की आधी तेल घालायचं, विचार नंतर. मग ती दाराची बिजागरी असो का बंडीचं चाक. उभी हयात मी अमडापुरातल्या गाडीवाल्यांवर यावरून ओरडत आलो आणि शेवटी स्वतःच शेण खाल्लं. बायको गेल्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. घरात कसलाच आवाज उरला नव्हता, तरी गाडीची ती कुरकुर मला सहन होईना.

सहा महिन्यांत रबराचा लगदा झाला. कुरकुर गेली, खडखड आली.

गाडी म्हणजे पांढरी ॲम्बेसेडर. नोकरीत असताना सरकारी लिलावात घेतलेली. लोक म्हणत, हा पांढरा हत्ती पोसतो कशाला? मी म्हणे, तुम्ही नका चारा घालू, झालं!

लेक दिली घाटाखाली, सोनाळ्याला. यंदा तिला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर रीतच. मी खोलीला चुना मारला, मालिशवाली बाई सांगून ठेवली, डिंकाचे लाडू करायला शिकलो. दोनदा करपले, तिसऱ्यांदा जमले. पण सोनाळ्याहून होकार येईना. विहीणबाई म्हणत, "घरात बाईमाणूस नाई, पोरीचं कोन पाहीन?" आणि जावई म्हणत, "बाबा, तुमची गाडी लय खडखडते. एवढ्या दूर हिले कशी न्याल?"

घरात बाईमाणूस नाही, याला माझ्याकडं इलाज नव्हता. गाडीला होता. म्हणून मी जावयाचंच म्हणणं धरून बसलो. खडखड थांबली की लेक येणार, असं मनाशी पक्कंच करून टाकलं.

खामगावच्या एका जुन्या दुकानातून बुश आणले. दोन दिवस अंगणात गाडीखाली लोळलो. गंजलेले बोल्ट हलेनात, तेव्हा त्यांना अशा शिव्या घातल्या की समोरच्या घरातल्या काकूंनी खिडकी लावून घेतली. जुनं रबर खरवडून काढलं, नवं साबणाच्या पाण्यात बुडवून दाबून बसवलं. माझं वय सहासष्ट. गाडीखाली जायला जमतं, बाहेर येताना आई आठवते.

खरी मेख पुढंच होती. शेवटचे बोल्ट गाडी जॅकवर असताना आवळायचे नसतात. गाडी चाकांवर आणायची, पाटे वजनानं दबू द्यायचे, मग पाना लावायचा. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मिस्तरी लोक नुसती गाडी खाली घेऊन आवळतात. माझं खूळ निराळं. मी सारं घर आत बसवायचो. बायको मागं डावीकडं, मांडीवर मेथीची परात घेऊन, आणि लेक तिच्याजवळ. मी खालून पाना फिरवायचो आणि बायको वरून ओरडायची, "अजून किती घंटे हो? गाडी जागची हालत नाई अन् आमचं बूड दुखून राह्यलं!" लेक खिदळायची. मी चिडायचो. ते चिडणं किती सुखाचं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

आता बसवू कोणाला? शेजाऱ्याला कोणत्या तोंडानं सांगू, की माझ्या गाडीत या आणि नुसते बसून राहा? मी लेकीला फोन लावला.

"तुझं वजन किती झालं गं आता?"

"काऊन बाबा, तोलून नेता का मले?"

"सांग मुकाट्यानं."

"बासष्ट." मग जराशानं म्हणाली, "बाबा, पन आत्या म्हनते…"

आत्या म्हणजे तिची सासू. "बरं बरं, ठेवतो," म्हणून मी फोन ठेवून दिला. पुढचं मला ऐकायचंच नव्हतं.

लेकीच्या जागेवर तीस किलोचे दोन गव्हाचे कट्टे ठेवले, वर दोन किलो साखर. माझ्या जागेवर तुरीचं पोतं, कारण मी तर गाडीखाली. आडवा झालो आणि हसू आलं, मालक खाली आणि तूर गाडी चालवते! हे सांगायला वर कोणीच नव्हतं. तेव्हा इतकं एकटं वाटलं की पाना छातीवर धरून मी बराच वेळ तसाच पडून राहिलो. मग बोल्ट आवळले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. घाट उतरलो, खामगाव मागं टाकलं, गाडीनं हूं की चूं केलं नाही. सोनाळ्यात व्याह्यांनी "जय भीम, या या" म्हणत पाणी दिलं, विहीणबाईंनी चहा केला. मी मात्र गाडीचंच पुराण लावलं. शेवटी लेक म्हणाली, "चाला बाबा, एक चक्कर मारू."

ती मागं बसली. गावाबाहेर, डोंगराच्या रस्त्यानं नेली तिला.

"खरंच आवाज नाई बाबा."

"मग? भर बॅग."

मी आरसा तिच्याकडं वळवला, तर ती पदरानं डोळे पुसत होती.

"आत्यानं नाई अडवलं मले," ती म्हणाली. "मलेच नाई यायचं. आईबिगर त्या घरात महिना महिना नाई राहू शकत मी. राग धरू नका."

राग आला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. आला, आणि तिच्यावरच आला, कारण त्याच घरात मी रोज राहत होतो. पण तोंडानं "हाव, हाव" एवढंच म्हणालो आणि गाडी वळवली. दारात तिला हात धरून उतरवलं. लाडवांचा डबा दिला. "दवाखान्यात नेतील तेव्हा फोन कर, कधी बी येतो," म्हणालो.

परतीच्या रस्त्यावर गावागणिक गतिरोधक आहेत. खामगाव येईपर्यंत प्रत्येक गतिरोधकावर मी ब्रेक मारून गाडी मुंगीच्या चालीनं उतरवली. मागच्या सीटवर कोणी नव्हतं.