सुभेदारांनी पसंत केलेली बंदूक

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता चोर कुठं धरला, कोणता साक्षीदार ऐन वेळी फितूर झाला, डोक्याला ताण देऊनही सांगता येत नाही. ही एक घटना मात्र जशीच्या तशी आठवते, आणि ती आठवू नये असं मला फार वाटतं. लोक म्हणतात, "साहेब, एखादा गाजलेला तपास सांगा." हा गाजला नाही. पण माझ्या हातून झालेला सर्वांत चोख तपास हाच, आणि त्यानं कुणाचं काडीचंही भलं झालं नाही.

मी तेव्हा सातारा-सांगलीच्या हद्दीवरच्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. उसाचा पट्टा. दर दोन घरांआड एक फौजी. रविवारी सकाळी ठाणे अंमलदारानं वर्दी दिली की गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत गोळी लागून एक जण मयत आहे. मयत तरुण कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डर होता, सुट्टीला मोटारसायकलवरून घरी आलेला. वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. धाकटी बहीण नेमबाज होती, क्ले टार्गेट खेळणारी. यंत्रातून हवेत फेकलेल्या बशीएवढ्या चकत्या उडत असतानाच फोडायच्या, असा तो खेळ. राज्य पातळीपर्यंत पोचली होती. परवाना तिच्या नावावर होता आणि बंदूकही.

त्या बंदुकीबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या भागात लोकांना दुनळी म्हटलं की शेजारी-शेजारी दोन नळ्या आणि दोन चाप, एवढंच ठाऊक. हिची गोष्ट वेगळी. ही ओव्हर-अंडर, म्हणजे एकावर एक नळ्या आणि चाप एकच. पहिल्यांदा ओढला की खालची नळी उडते, दुसऱ्यांदा ओढला की वरची. पंचनाम्यात खालच्या नळीत न उडालेलं फुसकं काडतूस मिळालं, त्यावर सुईचा ठोका होता. वरच्या नळीतलं उडालेलं होतं.

सुभेदार प्रेताशेजारी ताठ उभे होते. म्हणाले, "बंदूक साफ करताना माझ्या हातनं उडाली, सायेब." मुलगी भावाच्या उशाशी बसली होती. अकस्मात मृत्यूची नोंद घेतली, हत्यार मुद्देमालात जमा केलं, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं.

दोन दिवसांनी ठाण्यात निनावी फोन आला. "सायेब, त्यो अपघात न्हाई. जमिनीच्या कागदावर बहीण सही करत नव्हती. भावाला तिनंच उडवलाय. चौकशी करा." आवाज भावकीतला असणार हे मी तेव्हाच ओळखलं. भावकीला अशा वेळी कायद्याचा फार पुळका येतो. पण माहिती आली की तपास करावाच लागतो.

दोघांना वेगवेगळं बसवून जबाब घेतले. सुभेदारांनी साफसफाईची गोष्ट लगेच सोडली. "सराव चालला व्हता. पोरगा यंत्रामागं व्हता. पोरीचं काडतूस फुसकं निघालं. मी बंदूक घेतली, आभाळाकडं धरून दोनदा चाप ओढला. काय न्हाई. खाली झाली म्हणलं. मग परत चाप ढिला करायला ओढला आन उडाली. पोरगं तवाच मातीच्या पोत्यांमागनं उठलं." त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. "खाली बंदूक उडली कशी, ती मला ठावं न्हाई. पर हात माझा व्हता."

मुलगी दुसऱ्या खोलीत शांतपणे म्हणाली, "मी झाडली. रागाच्या भरात. अप्पांचा हात नव्हता."

"राग कसला?"

"जमिनीचा."

आरोपी गुन्हा दुसऱ्यावर ढकलतो, हे मी नोकरीभर पाहिलं. इथं दोघं तो आपल्याकडं ओढत होती, आणि पोरीचं तर सरळ खोटं होतं. खाणीतलं ते चकत्या फेकणारं यंत्र मी पाहिलं होतं. विकत मिळणाऱ्या यंत्राचे फोटो बघून भावानं ते वर्कशॉपमध्ये स्वतः जोडलं होतं. जुन्या गाडीची स्प्रिंग, वेल्डिंग केलेला हात, वर बहिणीच्या आवडीचा निळा रंग. जमिनीवरून जीव घेण्याइतकं वाकडं असतं, तर हा गडी दर रविवारी तिच्यासाठी खाणीत चकत्या फेकत बसला नसता.

म्हणजे सुभेदार खरं सांगत होते. पण मग दोनदा चाप ओढूनही वरची नळी का उडाली नाही आणि तिसऱ्यांदा का उडाली? आमचे हवालदार म्हणाले, "साहेब, म्हाताऱ्याला मोजता आलं नसंल." फौजी माणसाला आणि मोजता येणार नाही? मला ते पटलं नाही.

बंदूक न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेली. तिथल्या शस्त्रतज्ज्ञांनी मला फोनवर समजावून सांगितलं. अशा बंदुकांत दोन जाती असतात. एकीत पहिलं काडतूस उडो न उडो, चाप आपोआप दुसऱ्या नळीवर जातो. दुसरीत पहिल्या बाराचा जो धक्का खांद्याला बसतो, त्याच धक्क्यानं दुसरी नळी तयार होते. ही दुसऱ्या जातीची होती. काडतूस फुसकं, म्हणून धक्का नाही. धक्का नाही, म्हणून चाप मेलेला. कितीही ओढा, बंदूक रिकामीच वाटणार. "पण दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकतो त्या लाकडाला, बाहेरून जोराचा दणका बसला," ते म्हणाले, "तर तिला तो बारच वाटतो. खाली पडली होती का?"

पडली नव्हती. दोघांनाही मी ते विचारलं होतं.

बंदूक परत आल्यावर मी बापलेकीला ठाण्यात बोलावलं. नळ्या रिकाम्या असल्याची पंचांसमक्ष खात्री केली, पोरीचा तो फुसका बार म्हणून चाप एकदा मीच ओढला आणि बंदूक सुभेदारांच्या हातात दिली. "त्या दिवशी काय केलंत, तसंच करून दाखवा." त्यांनी छताकडं धरून दोनदा चाप ओढला. "खाली," असं तोंडानं म्हणाले. आणि आयुष्यभर परेडमध्ये रायफल घेऊन जे केलं, तेच त्यांच्या शरीरानं आपसूक केलं. टाचा जुळल्या, बंदूक पायाशी आली, दस्ता फरशीवर खाडकन आपटला. मग ती पुन्हा उचलून त्यांनी चाप ओढला. या वेळी आत टक असा आवाज झाला, वरच्या नळीची सुई सुटली होती.

सुभेदारांना काही कळलं नाही. मुलीनं मात्र तोंड ओढणीत लपवलं.

ते बाहेर गेल्यावर ती मागं थांबली. "तुम्हाला कळलं ना साहेब?"

"तुला कधी कळलं?"

"बार झाला तेव्हाच." ती सांगू लागली. बंदूक घ्यायची ठरली तेव्हा दोन बघितल्या होत्या. एक सांगलीच्या एका डॉक्टरांची, जड, पण फिरवताना हात हलत नाही आणि फुसक्या काडतुसालाही चाप पुढं जातो. दुसरी कुपवाडच्या एका कारखानदाराची, हलकी, दिसायला देखणी. "मला डॉक्टरांची पायजे होती. अप्पा म्हणाले, बंदूक हलकी असावी, खांद्यावर टाकून पळता आली पायजे. मी म्हणलं, अप्पा, मला पळायचं न्हाई, उभं राहून मारायचंय. ह्या हलकीचा चाप वेगळा हाय. ते हसले. म्हणाले, चाप तो चाप, आमचं उभं आयुष्य त्यात गेलं. दादा म्हणाला, घे गं, अप्पांचं मन मोडू नको." ती जरा पुढं सरकली. "साहेब, माझ्या नावावर खून लिहा. अप्पांना जेल झाली तरी ते सोसतील. पर पसंती त्यांची आन दस्ताबी त्यांनीच आपटला, हे त्यांना सांगू नका. अप्पा मरतील माझे."

असा कबुलीजबाब मला नोकरीत पुन्हा कधी मिळाला नाही. ती स्वतःला वाचवायला खोटं बोलत नव्हती आणि बापाची शिक्षा वाचवायलाही नव्हती. बापाला एक गोष्ट कळू नये, एवढ्याचसाठी ती भावाची खुनी व्हायला तयार होती. तरी मी तिला सांगितलं, "बाळ, माझ्या हातात ते नाही."

खरंच नव्हतं. खोटा खून लिहिणं म्हणजे एका निरपराध पोरीला जन्मठेपेला पाठवणं. कलम ३०४ अ, निष्काळजीपणानं मृत्यू, आरोपी वडील. बार कसा उडाला ते दोषारोपपत्रात स्पष्ट लिहावं लागलं, नाहीतर सरकारी वकिलांनी पहिल्या तारखेलाच ते माझ्या तोंडावर फेकलं असतं. तज्ज्ञांनी साताऱ्याच्या कोर्टात साक्ष दिली, तीही मराठीत, अगदी पोराला शिकवावं तशी सोपी करून. सुभेदार कान देऊन ऐकत होते.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. "सायेब, मंजी पोरगी म्हणत व्हती ती जड बंदूक घेतली असती, तर मी पहिल्यांदा चाप ओढला तवाच बार आभाळात गेला असता. व्हय ना?"

त्यांच्या पाठीमागं ती उभी होती. जिवाच्या आकांतानं मान हलवून मला नको, नको म्हणत होती.

"तसं नक्की सांगता येत नाही, सुभेदार," मी म्हणालो.

ते चटकन मागं वळले. तिची हलणारी मान त्यांना दिसली. "तुला ठावं व्हतं?" ते म्हणाले. पायऱ्या उतरताना त्यांना रेलिंग धरावं लागलं.

त्यांनी गुन्हा कबूल केला. वय आणि सेवा पाहून कोर्टानं शिक्षा सौम्य दिली. सौम्य शिक्षा ऐकून कुणी इतकं खचलेलं मी पाहिलं नाही. मुलीनं परवाना परत केला. पुन्हा तिनं बंदुकीला हात लावला नाही.

तपासानं मला काय शिकवलं, असं विचारतात. शिकवलं एवढंच की खरं शोधणं हे आमचं काम आहे आणि त्या खऱ्याखाली कोण चिरडतं, हे बघायची सोय कायद्यात नाही. पुन्हा तशी वेळ आली तर मी तेच करीन. त्याचा अभिमान मात्र वाटत नाही.

निवृत्तीच्या आधी त्या गावावरून जाताना मी त्यांच्या घरी थांबलो. सुभेदार ओट्यावर बसले होते, त्यांनी मला ओळखलं की नाही कोण जाणे. मुलगी आत होती. चहा घेऊन त्यांच्या पत्नी आल्या, ज्यांचा जबाब आम्ही कधी घेतलाच नव्हता, कारण त्या खाणीत नव्हत्या.

"पोरगं गेलं तवा आमी तिघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत व्हतो, सायेब," त्या म्हणाल्या. "आता तिघं तीन कोपऱ्यात बसतो. मला ह्यांचं तोंड बघवत न्हाई आन हे पोरीला तोंड दाखवत न्हाईत. तुमी खरं शोधलं, तुमचं काम केलं. पर ते घेऊन आमी काय करायचं, ते कुणाला इचारू?"