विहिरीच्या कठड्यावरचे रशीदभाई

ब्लीचिंग पावडरची अख्खी पिशवी मी कोरडीच विहिरीत ओतली. पर्यावरणशास्त्राची पदवी ताजी होती, नोकरी त्याहून ताजी आणि जिवतीकडच्या त्या डोंगरावरच्या गुड्यात, म्हणजे छोट्याशा पाड्यात, हगवणीची साथ होती. खरं तर पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी विहिरीत सोडायची. परीक्षेत मी हे फार सुंदर लिहिलं होतं. विहीर ताकासारखी पांढरी झाली. बायांनी वाकून पाहिलं, नाकाला पदर लावला आणि घागरी घेऊन सरळ नाल्याकडे निघाल्या. साथ पसरली होती ती त्याच नाल्याच्या पाण्यानं…

महिन्याभरापूर्वी राजुऱ्याहून रशीदभाई गेल्याचा फोन आला, तेव्हा डोळ्यांसमोर आली ती ही पांढरी विहीर. रशीदभाई आरोग्य निरीक्षक, माझे वरिष्ठ. वडिलांचं गाद्या भरायचं दुकान, त्यामुळे कुणाकडेही गेले की बसण्याआधी गादी दाबून बघायचे. त्या दिवशी मोटारसायकलवरून आले, विहिरीत डोकावले आणि मी मनात सबबी जुळवत असताना म्हणाले, "पाणी तं लय शुद्ध केलं बाबू. पेनारं कोनी नाई. बेडकांसाठी केलं काय?"

मग दोर माझ्या हाती दिला. दुपारभर मी पांढरं पाणी उपसत होतो आणि हे कठड्यावर बसून सोमीबाईशी गप्पा मारत होते. सोमीबाईचा नातू हगवणीनं गळून पडला होता, आणि गुड्यातल्या घागरी कुठे वळायच्या हे तिच्याच शब्दावर ठरत होतं. रशीदभाईंनी पोराला मीठ-साखरेचं पाणी पाजलं, पण विहिरीचा विषय काढला नाही. मोहफुलाचं विचारलं, तिच्या गुडघ्याचं विचारलं… मला वाटलं, साहेब वेळ काढून राह्यले. विहिरीत नवं पाणी आल्यावर त्यांनी औषध नीट सोडलं, तासभर थांबले, औषध पुरेसं झालं की काचेच्या नळीत पाण्याला पिवळसर रंग येतो, तो तपासला आणि पहिला गडवा स्वतः प्यायले. पिऊन उठले मात्र नाहीत. तिथेच बसून राहिले. घागरी भरून ठेवा, सकाळपर्यंत वास उडून जाते, एवढंच बोलले. दिवस मावळताना सोमीबाईनं आपली घागर विहिरीत सोडली. पुढच्या खेपेला गेलो, तर नातू कोंबड्यांमागे धावत होता.

आता कॉलेजातली मुलं आमचं काम बघायला येतात आणि विचारतात, सर, या क्षेत्रात काय काय यावं लागतं? मी गंभीर चेहरा करून नमुने घेणं, तपासणी, अहवाल असं सांगतो. लोकांजवळ नुसतं बसता आलं पाहिजे, हे कसं शिकवायचं ते कळत नाही. मला ते शिकायला अर्धी नोकरी लागली.

परवा त्याच गुड्यात गेलो. बातमी सांगितली. सोमीबाई थकली आहे, जीभ तेवढी तशीच. कठड्यावर रशीदभाई बसायचे त्या जागेवरून तिनं हात फिरवला. मी औषध कालवलं… चुना पूर्ण खाली बसू दिला, निवळी सोडली, तास भरू दिला, नळीतला रंग पाहिला आणि गडवा भरून तिच्यापुढे धरला. तिनं तो माझ्याकडेच ढकलला.

"तूच पे. अन् बस इथीच थोडा वेळ. तुले काई होते का, पाहतो आमी."