तिसऱ्या 'नाही'ची भीती

काल रविवारी सकाळी जळगावात, घरीच लॅपटॉपसमोर बसून मला घाम फुटला...

मी एका क्लासच्या ऑनलाइन परीक्षा सांभाळते. पेपरचं पान मीच बनवलंय. मुलांनी दुसरीकडे उत्तरं शोधू नयेत म्हणून ते पान ब्राउझरला सतत विचारत राहतं, आत्ता मीच चालू आहे ना? 'नाही' आलं की मुलांना स्क्रीनवर वॉर्निंग जाते; तीनदा आलं की पेपर बंद.

अर्ध्या तासात चोपड्याकडच्या एका मुलीच्या नावापुढे दोन 'नाही' आले. मनात म्हटलं, झालं... कॉपी करतेय.

तेवढ्यात तिच्या वडिलांचा फोन.

"ताई, पोर जागावरथीन हालनी बी नही. तुम्हनं मशीन तिले चोर म्हनस!"

स्क्रीनवर आणखी काही दिसतंय का, मी विचारलं.

"कोपराम्हा एक चौकट येस. पुढलं बटन झाकाई जास, मंग पोर ती बंद करस."

कोपऱ्यात सारखी येणारी, म्हणजे अँटिव्हायरसची चौकट! तिच्यावर क्लिक केलं की पेपर डोळ्यांसमोर असूनही ब्राउझरच्या लेखी 'चालू' राहत नाही. पान दिसतंय की नाही, हे मी तपासलंच नव्हतं.

चौकट पुन्हा येणार होती. पेपर बंद करायचा नियमच सर्व्हरवरून काढायचा, तर चालू परीक्षेत हात घालावा लागणार. काही चुकलं तर सगळ्याच मुलांची उत्तरं जातील...

शेवटी नियम काढला आणि 'सेव्ह'चं बटण दाबलं. माझ्यासमोरची मुलांच्या नावांची यादी गोठल्यासारखी झाली.

मग यादी हलली. तिच्या नावापुढे तिसरा 'नाही' आला... आणि पेपर चालूच राहिला.

पेपर झाल्यावर तिने स्वतः फोन केला. "मॅडम, दुसऱ्या वॉर्निंगनंतर माऊसला हात लावायचीच भीती वाटली, त्यातच वेळ गेला. चार प्रश्न राहिले." तक्रारीचा सूर नव्हता. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं मला.

क्लासच्या सरांशी बोलले. तिला त्या चार प्रश्नांसाठी पुन्हा वेळ मिळणार आहे.

पण रात्रभर डोळा लागला नाही. मागच्या परीक्षेत असेच पाच पेपर बंद झाले होते. त्यांच्यापुढे 'कॉपी' असा शेरा मीच लिहिलाय. त्यांच्यापैकी कुणाच्याच घरून फोन आला नव्हता.

या वडिलांनी आधी लेकीवर विश्वास ठेवला आणि मला जाब विचारला... त्यांचे आभार कसे मानू? आज सकाळपासून त्या पाच घरी मी स्वतःच फोन लावतेय.