सुमनकाकूंचं नाक

सुमनकाकू कुठल्याही खोलीत एकदम शिरत नसत. आधी दारात थांबायच्या, तोंड मिटायच्या आणि नाकाने एक लांब श्वास आत ओढायच्या. मग निकाल सांगायच्या. "फडकं ओलंच कोंबलंयस कुठंतरी." "डाळ लागणार आहे, गॅस बारीक कर." एकदा मला हात न लावता, नुसत्या दारातून त्या म्हणाल्या, "ताप भरलाय तुला." खरंच भरला होता.

त्यांची माझी पहिली भेटही अशीच झाली. झाशीत, सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. खोली बघायला गेले तेव्हा पुठ्ठ्याचा खोका मी फाटकाबाहेर पायरीशी ठेवून आत गेले होते. आधी खोली ठरू दे, मग सांगू, असा विचार. काकूंनी माझं नाव विचारायच्या आधीच दारात उभं राहून श्वास घेतला.

"बाहेर काय ठेवलंयस? ससा ना?"

"हो. लहान आहे."

"अरी, मग आत आण ना त्याला. उन्हात मारतेस का!"

ससा झाशीजवळच्या बबीना छावणीतल्या, फौजीच्या बायको असलेल्या एका बाईंनी दिलेला. आमच्या विमा कचेरीत त्या नेहमी यायच्या. नवऱ्याची बदली झाली तेव्हा त्यांनी हे पांढरं पिल्लू माझ्या टेबलावर ठेवलं आणि डोळे पुसत निघून गेल्या. मी त्याचं नाव बत्तासा ठेवलं.

माझ्याबद्दल थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वडील इथल्या सरकारी कारखान्यात हेल्पर म्हणून लागले आणि फिटर म्हणून निवृत्त झाले. आई फक्त सही करते. क्वार्टर सोडावं लागल्यावर ते दोघं वर्ध्याकडे गावी परतले. मी झाशीत राहिले, कारण माझी नोकरी इथे होती आणि ती मी माझ्या डिग्रीवर मिळवली होती. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

काकूंचं घराणं मात्र झाशीत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं. पूर्वज महाराष्ट्रातून पूजाअर्चा करायला आलेले. काकू स्वतः हॉस्पिटलात मेट्रन होत्या. नवरा लवकर गेला. हे घर त्यांनी स्वतःच्या पगारातून बांधलं. गल्लीत सगळे त्यांना 'मेट्रनजी' म्हणत. त्या घरात मराठी बोलत, पण रागावल्या की हिंदी आणि लाडात आल्या की बुंदेली.

खोली ठरवतानाच मी माझं आडनाव सांगितलं आणि जातही सांगितली. घर शोधताना आधी तोंड पोळलं होतं. नंतर कळून कुणी तोंड वाकडं करण्यापेक्षा आधीच सांगितलेलं बरं.

काकू माझ्याकडे चष्म्यावरून बघत राहिल्या. "मी विचारलं का तुला? सगळा जन्म वॉर्डात गेला माझा. बेडपॅनवर आडनाव लिहिलेलं नसतं."

मग बोट खोक्याकडे. "अट एकच. हा शिकला तर राहील. नाही शिकला तर जाईल. तो जाईल, तू नाही."

पहिल्या दिवशी बत्ताशाने माझ्या चादरीवर, टेबलाखाली आणि कचेरीत घालायच्या चपलेत, असं तिन्हीकडे केलं. मी वर्तमानपत्राची गुंडाळी फरशीवर आपटली. तो पलंगाखाली पळाला. दारात काकू.

"मार, अजून मार. म्हणजे त्याला कळेल, की मुतलं की ही बाई अंगावर येते. मग लपून मुतेल. शिकवलंस काय, तर लपायला!"

"मग करू काय? सगळीकडे घाण करतोय."

"नव्या घरात आलाय. कुठलं आपलं, कुठलं परकं, त्याला काय माहीत? घाणीला शिव्या द्यायच्या नसतात, बिटिया. तिला जागा द्यायची."

ही त्यांची आवडती ओळ. पुढे मी ती मोरीबद्दल, कचऱ्याबद्दल, एकदा तर नगरसेवकाबद्दलही ऐकली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन खुर्च्या आडव्या टाकून माझ्या खोलीचा एक तुकडा सशासाठी तोडला. सगळी खोली एकदम द्यायची नाही म्हणाल्या, लहान जीव गांगरतो. मला ट्रे मोरीजवळ हवा होता, धुवायला सोपा. बत्ताशाला मात्र दारामागचा कोपरा आवडला.

"कोपरा त्याने निवडायचा," काकू म्हणाल्या. "आपण फक्त 'बरं' म्हणायचं."

माळ्यावरून त्यांनी एनॅमलचा जुना ट्रे काढला, कडा उडालेला, हॉस्पिटलातून बाद झालेला. त्यात वर्तमानपत्र, वर दूधवाल्या भैयांकडून आणवलेलं सुकं गवत. मग त्यांनी बत्ताशाचाच ओला कागद आणि चार लेंड्या उचलून पुन्हा ट्रेमध्ये ठेवल्या.

"शी, काकू!"

"शी काय? सही आहे ही त्याची. सही दिसली की त्याला कळतं, आपलं दफ्तर इथंच." गवताची मूठ ट्रेच्या एका टोकाला ठेवत पुढे म्हणाल्या, "आणि ससा खाता खाता करतो. तुमचे साहेब चहा पिता पिता सह्या करतात की नाही? तसंच."

बाकी जिथे जिथे त्याने केलं होतं तिथे सिरका, म्हणजे व्हिनेगर, लावून पुसायचं काम माझं. एकदा टेबलाखाली एक जागा माझ्याकडून राहिली. काकूंनी मला हाताला धरून खाली वाकवलं. फरशीवर पांढरी पूड दिसत होती.

"बघून ठेव. सशाचं वाळलं की मागे खडू उरतो. आणि वास असा, की झोपलेला माणूस उठेल. चोरून केलं तरी सापडतो बिचारा."

शेजारच्या चाचींना हे सगळं भिंतीवरून दिसायचं. "काय मेट्रनजी, अब खरगोस खों पढ़ा रईं?" त्या ओरडून विचारायच्या. काकू तिथूनच ओरडायच्या, "तुमाए मोड़ा सें जल्दी सीख रओ!" मोड़ा म्हणजे चाचींचा मुलगा; तो बारावीत पुन्हा बसला होता. चाचीसुद्धा हसायच्या.

आणि तो खरंच शिकला. आधी लेंड्या ट्रेमध्ये पडू लागल्या, मग मूतही. खुर्च्या रोज थोड्या मागे सरकत गेल्या. एके दिवशी काकूंनी त्या उचलून बाहेर नेल्या आणि माझ्या खोलीचं, त्यांच्या बैठकीत उघडणारं दार सताड उघडं ठेवलं. बत्तासा घरभर उड्या मारून आला, देवघरासमोर मागच्या पायांवर उभा राहिला, आणि वेळ आली तसा धावत परत दारामागे, आपल्या ट्रेमध्ये.

माझंही तसंच झालं. आधी मी माझ्या खोलीत स्टोव्हवर खिचडी करायचे. मग काकूंनी भाजी द्यायला सुरुवात केली. मग म्हणाल्या, "इकडेच ये, दोन ठिकाणी फोडण्या कशाला?" त्यांच्या ओट्यापाशी मी पोळ्या लाटू लागले, त्यांच्या डब्यांतली मीठ-मोहरी मला न विचारता सापडू लागली. त्यांनी स्वतः स्टुलावर चढून माझी डिग्रीची फ्रेम बैठकीत लावली. "खोलीत कोण बघणार? इथं लावते, आल्यागेल्याला दिसू दे," म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी वडिलांना फोन केला. आता खरं घर मिळालं म्हणून सांगितलं.

"त्यांना सांगितलंस ना सगळं?" त्यांनी विचारलं.

"पहिल्याच दिवशी."

"आणि स्वयंपाकघरात जातेस?"

"रोज, बाबा."

ते मग म्हणाले, "माझा नमस्कार सांग बाईंना." माझ्या वडिलांनी कुणाला नमस्कार सांगितलेला मी तोवर ऐकला नव्हता.

काकूंचा मुलगा शिरीष इंदूरला असतो. दिवाळीच्या आधी तो चार दिवसांसाठी आला. बोलायला गोड. मी पोळ्या लाटत होते, तो ओट्याला टेकून उभा.

"तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"वर्ध्याकडची."

"आडनाव काय म्हणालात?"

मी सांगितलं. लाटणं थांबवलं नाही.

"अच्छा," तो म्हणाला. मग बैठकीत गेला. काकू तिथे वाती वळत होत्या. तो आवाज कमी करायच्या भानगडीत पडला नाही.

"आई, स्वयंपाकघरातसुद्धा?"

"ससा? छे रे, तो कधीच इकडे घाण..."

"मी सशाचं विचारत नाहीये."

मी लाटणं हातात धरून वाट बघत उभी राहिले. बेडपॅनचं वाक्य आता येईल, असं मला वाटत होतं. मला खात्रीच होती. तव्यावरची पोळी काळी पडली. धुराचा वास मला आला, म्हणजे काकूंना माझ्या आधी आला असणार. पण त्या काही बोलल्या नाहीत. पोळीबद्दलसुद्धा नाही.

शिरीष गेला त्या दिवशी मी कचेरीतून आले, तर काकू पाहुण्यांच्या खोलीच्या दारात उभ्या. आत निळ्या पट्ट्यांच्या गादीवर हे एवढं ओलं.

"बत्ताशाने गादी भिजवली," त्या म्हणाल्या. "आता नाही जमायचं, वैशाली. दुसरी खोली बघ. आपली अट होती."

अट सशापुरती होती, माझ्यासाठी नव्हे. मी आत गेले, गादीपाशी वाकले. वास नव्हता. कसलाच नव्हता. हात लावला तर गार पाणी.

"काकू, इकडे या. वास घ्या."

"मला सर्दी झालीय."

त्या दारातून आत आल्या नाहीत. इतके महिने मी त्यांना ओळखत होते. नळाचं पाणी आणि सशाचं मूत यांतला फरक ती बाई रस्त्यावरून सांगू शकली असती. त्या दिवशी त्यांनी तोंड उघडं ठेवलं होतं आणि तोंडाने श्वास घेत होत्या.

"शिरीषदादा काय म्हणाले ते सरळ सांगा ना. मुक्या जिवावर कशाला घालता?"

"मुलगा आहे माझा," त्या म्हणाल्या. "उद्या मला तोच बघणार आहे. तू शिकलेली आहेस, समजून घे."

हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. मी म्हणाले, "काकू, माझ्या बापाने ओव्हरटाइम करून मला शिकवलं, ते हे समजून घ्यायला नाही."

त्यावर त्या आत निघून गेल्या. सकाळी मी ती गादी गच्चीत उन्हात टाकली. दुपारी उतरवली तेव्हा निळ्या पट्ट्यांवर खडूचा कणही नव्हता. मी ती घडी करून त्यांच्या बैठकीत, त्यांच्या खुर्चीसमोर ठेवली. त्यांनी ती बघितली आणि वाती वळत राहिल्या. त्याच खोलीतून मी माझी डिग्री उतरवली.

अपमान मी याआधीही पचवले होते. तोंडावर दार लावणाऱ्या घरमालकावर मी महिनाभर चिडून नंतर विसरून गेले आहे. त्याने मला काही दिलंच नव्हतं. काकूंनी दार उघडलं, खुर्च्या एकेक करून मागे सरकवल्या, हे घर तुझं म्हणून सांगितलं, आणि मी विश्वास ठेवल्यावर पाण्याचा तांब्या ओतून मला घाण ठरवलं. माझं नाव घ्यायची हिंमत नव्हती म्हणून सशाचं घेतलं.

निघताना ऑटो दारात उभी होती. ऑटोवाला "दीदी, जल्दी" म्हणत होता. काकू फाटकापर्यंत आल्या. एका हातात तो एनॅमलचा ट्रे, धुतलेला. दुसऱ्या हातात वर्तमानपत्राची पुडी, दोऱ्याने घट्ट बांधलेली.

"हे काय?"

"ट्रेमधलं गवत. त्याचं जुनं." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "नव्या घरी गेल्यावर आधी हे घाल. नाहीतर सवय मोडेल त्याची."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ज्या सशाला सवय लागली नाही म्हणून त्या मला घराबाहेर काढत होत्या, त्याची सवय मोडू नये म्हणून त्यांनी पुडी बांधून आणली होती. मला वाटतं, ते त्यांच्याही त्याच क्षणी लक्षात आलं. मी ट्रे आणि पुडी घेतली आणि ऑटोत बसले.

शहराबाहेर बिजौलीत एका वर्कशॉपच्या वर मला खोली मिळाली. मालक सरदारजी. त्यांनी भाडं सोडून काही विचारलं नाही. पुडी मी मुद्दाम उघडली नाही. त्यांचं काही नको होतं मला. खाली दिवसभर मशीन घडघडायचं आणि बत्तासा घाबरून कुठेही करायचा, अगदी बबीनाहून आल्यासारखा. माझ्या रागाची शिक्षा तो भोगत होता. शेवटी मी दोन खुर्च्या आडव्या टाकल्या. कोपरा त्याने निवडला, खिडकीखालचा. मी "बरं" म्हटलं. पुडी सोडून ते गवत ट्रेमध्ये घातलं. तो आला, हुंगलं, आत चढून बसला आणि चघळू लागला.

काकूंकडून मी शिकले ते खरं आहे आणि ते माझ्यापाशी राहील. गल्लीतले लोक बाजारात भेटले की अजून म्हणतात, मेट्रनजींसारखी बाई नाही. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण परत त्या गल्लीत गेले नाही.

दिवाळीनंतर एकदा त्यांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता.

"वैशाली, शिकला का गं नव्या घरी?"

"त्याला सवय होतीच, काकू."

पलीकडून मग एक श्वास ऐकू आला, नाकाने आत ओढलेला, लांब, दारात उभ्या राहून घ्यायच्या तसा. स्वच्छ श्वास. सर्दी वगैरे काही नव्हती.

मग त्यांनी फोन ठेवला.