गरीब घरात जन्मलेला न्यायाधीश

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. लॉच्या पहिल्या वर्षाचं शेवटचं तोंडी सादरीकरण चांगलं झालं तरच दुसऱ्या वर्षाला प्रवेश होता. हे कळल्यापासून माझ्यापेक्षा बाबाच जास्त तयारीला लागले.

मला विषय मिळाला होता एक अमेरिकन माणूस. त्याचा देश नुकताच स्वतंत्र झाला तेव्हाचा वकील, मग आमदार, मग न्यायाधीश. बाबा इथे परदेशात, ईस्ट टामाकी नावाच्या उपनगरात, एका गोदामात काम करतात. सातवी शिकलेत, पण जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांत त्यांचा पहिला नंबर ठरलेला असायचा. संध्याकाळी सोफ्यावर बसून ते मला शिकवत.

"अगं, हात वर कर! थोर माणसाबद्दल बोलतेयस, डेअरीत दूध मागत नाहीयेस."

"बाबा, इथे असं नाही बोलत. शांतपणे मुद्दे मांडायचे असतात."

"शांतपणे? मग लोक झोपतील की!"

त्या दिवशी वर्गात मोजकीच मुलं होती. मी इथल्या रीतीने 'किया ओरा' म्हणून नमस्कार केला, पहिली स्लाइड लावली आणि पाठ केलेलं वाक्यच आठवेना. हात आपोआप वर गेला. तोंडातून, इंग्रजीत पण खणखणीत, बाहेर पडलं, "त्यांचा जन्म एका अत्यंत गरीब, पण सुसंस्कृत कुटुंबात झाला!"

माझ्या मागे पडद्यावर त्याच्या वडिलांचं दुमजली घर होतं. दारात घोडागाडी. मागे नजर पोचेल तिथवर शेत.

ट्युटरबाईंनी हळूच विचारलं, "मग हे घर कुणाचं?"

"यांचंच," मी म्हणाले.

वर्ग हसला. मग मलाही हसू फुटलं, आणि ते काही केल्या थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं. वाटलं, संपलं सगळं. आता लपवायला काही उरलंच नव्हतं, म्हणून खरं ते सांगून टाकलं. आमच्या तिकडच्या मराठी शाळेत प्रत्येक थोर माणूस गरीब घरातच जन्मायचा. तिसरीपासून मी हेच वाक्य म्हणत आलेय. कारण जन्म गरीब घरातला असला की पुढचं सगळं त्याच्या एकट्याच्या कष्टाचं वाटतं.

"पण हा श्रीमंत होता," मी म्हणाले आणि हातातली कार्डं टेबलावर ठेवली. वडिलांची जमीन होती म्हणून त्याला एका वकिलाच्या कचेरीत बसून कायदा शिकता आला. आमदार झाल्यावर, ज्याच्याकडे जमीन त्यालाच मत, या कायद्याच्या बाजूने तो बोलला. पुढे त्याच कायद्याविरुद्धची तक्रार त्याच्याच न्यायासनासमोर आली, आणि त्याने ती फेटाळली. "हे बरोबर होतं का, मला अजून नीट सांगता येत नाही. पण त्याला जन्माने काय मिळालं, हे आधी विचारायला हवं असं वाटतं."

ट्युटरबाई लिहीत राहिल्या.

आठवड्याने बसमध्ये ईमेल आला. मी तो तीनदा वाचला आणि बाबांना फोन लावला.

"झालं, बाबा! दुसरं वर्ष!"

"खरं सांगतेस? थांब, थांब." मग फोन बाजूला धरून ते त्यांच्या इंग्रजीत कुणाला तरी सांगू लागले, "माय डॉटर! सेकंड इयर! लॉ!" पलीकडे पाच-सहा माणसं एकदम ओरडली. कुणीतरी टेबल बडवलं. बाबा परत फोनवर आले, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारू लागले.

माझा स्टॉप कधीच मागे गेला होता. मी फोन कानाला लावून हसत बसून राहिले.