भाऊंचा नकार

कामाला 'नाही' हा शब्द भाऊंच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. सदर भागातल्या आमच्या लहानशा ऑफिसात एका परदेशी कंपनीच्या यंत्रांसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिका मराठीत होत, आणि त्यांतली शेवटची चूक भाऊ शोधत. पन्नाशी उलटलेली, चष्मा कायम कपाळावर. न जमणारं काम कोणी पुढे केलं की ते म्हणत, "पाहू ना गा, होऊन जाईल." हा नकार आहे, हे ऑफिसात सगळ्यांना कळे. समोरच्याचा चेहरा पडू नये म्हणून तो असा मऊ करून दिलेला असे. ज्याला घाई असे तो मुकाट्यानं दुसरी सोय बघे.

वेळेचा हिशोबही त्यांचा वेगळा. प्रत्येक पान ते मोठ्यानं वाचत. "डोळा फसते, कान नाही फसत," असं त्यांचं म्हणणं. पान पुरतं ऐकून होईपर्यंत घड्याळाकडे बघायचं नाही. पण त्यांनी वाचलेली पुस्तिका दुरुस्तीला परत आल्याचं मला आठवत नाही.

मी नवीन लागलो तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवून हे काम शिकवलं. डबा उघडला की आधी माझ्याकडे सरकवत. "जेवल्याबिगर वाचू नको. भुकेला माणूस काना-मात्रा खाते."

सहा वर्षांनी मी त्यांचा साहेब झालो. माझं इंग्रजी बरं होतं, एवढंच कारण. परदेशातल्या साहेबाशी दर आठवड्याला व्हिडिओवर बोलणं असे. माणूस सरळ, त्याचं हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. एकदा त्यानं विचारलं, नवी पुस्तिका शुक्रवारपर्यंत होईल का? मी भाऊंकडे वळून मराठीत विचारलं.

"शुक्रवार म्हणते का तो? पाहू ना गा. होऊन जाईल."

मला कळलं होतं. तरी मी इंग्रजीत सांगितलं, "हो, नक्की होईल." नकार देणारा साहेब मला व्हायचं नव्हतं.

शुक्रवारी निम्मीच पानं झाली. पुढच्या बैठकीत त्यानं कारण विचारलं. भाऊ माझ्या शेजारीच होते. मी म्हणालो, "आमच्या मुद्रितशोधकांनीच हो सांगितलं होतं." इंग्रजी बोलायला ते बिचकत, पण समजे सगळं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि समोरचा कागद बघत राहिले.

त्यानंतर भाऊंसाठी एक तक्ता आला. दर तासाला किती पानं झाली ते लिहायचं. तक्ता मीच तयार केला. मोठ्यानं वाचणं आपोआप बंद झालं. चुका राहू लागल्या, त्या त्यांच्याच नावावर लागल्या. डबा ते एकटेच खाऊ लागले. मग बीपीची गोळी सुरू झाली, आणि तीन महिन्यांत तब्येतीचं कारण देऊन त्यांनी नोकरी सोडली.

पंधरा दिवस धीर गोळा करून मी हुडकेश्वरला त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी पोहे दिले. ते तसेच हातात धरून मी म्हणालो, "भाऊ, त्या दिवशी मी खोटं बोललो."

"मले माहीत आहे. मी तिथंच बसून होतो ना."

"मग बोलले काहून नाही?"

"तू नवा साहेब झालता. चार लोकांत तुले खाली पाहाले लावू का?"

"आन् तुम्ही रोज खाली पाहत घरी येत होते, त्याचं काय?" वहिनी दारातून म्हणाल्या.

"जाऊ दे वं. माणूस चांगला आहे हा."

ते ऐकून मला तिथं बसवेना. मनीषनगरला घरी आलो आणि परदेशी साहेबाला सगळं खरं लिहून पाठवलं. नोकरी जाणार असं धरूनच चाललो होतो. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. कळवल्याबद्दल त्यानं आभार मानले होते. खाली लिहिलं होतं: 'नाही म्हणाला असतात, तर आणखी दोन आठवडे दिले असते. मला घाई नव्हती.'

ऑफिसनं भाऊंना परत बोलावलं, ते आले नाहीत. मी अधूनमधून त्यांच्याकडे जातो. गोळी चालूच आहे. साहेबाच्या त्या दोन ओळी मात्र मी त्यांना अजून सांगितलेल्या नाहीत.